चाक तापलं, तरी खिसा का जाळायचा?

पाऊस पडून गेला की उमापूरच्या शिवारातली काळी माती ना चपलेला सोडते, ना गाडीला. गेवराई तालुक्यातल्या या गावातून शेतरस्त्याने निघालेली गाडी चिखल अंगावर घेऊनच डांबरीला लागते. तो ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या चिमट्यावर, वाळतो, फाटक्या रबरातून आत शिरतो आणि एक दिवस चाक जाम होतं. मग गॅरेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "कॅलिपरच बदलावा लागेल." होकार देण्याआधी या दहा गोष्टी वाचा. यातल्या काही गमतीच्या आहेत, काही पैसे वाचवतील आणि एखादी जीवही वाचवेल.

1. एका ब्रेकमध्ये चहाचं आधण
बाराशे किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून थांबवली की सुमारे तीन लाख ज्यूल उष्णता तयार होते. साधं लिटरभर पाणी उकळीला आणायला जवळजवळ तेवढीच लागते. ही उष्णता चारही चाकांत वाटली जाते आणि वाऱ्याने निवते. जाम झालेलं चाक मात्र न थांबता घासत राहतं, त्याला निवायला सवडच मिळत नाही.

2. पिस्टन मागे आणायला स्प्रिंगच नसते
पायडल दाबलं की ऑईलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कला धरतात. पाय उचलल्यावर पिस्टनला मागे आणतं ते चौकोनी काठाचं एक रबरी सील. दाबाखाली ते पिळवटतं, दाब गेला की सरळ होतं आणि पिस्टनला सोबत मागे घेतं. हा प्रवास मिलिमीटरच्या एका अंशाएवढाच असतो. म्हणून पिस्टनवर गंजाचा पातळ थर चढला तरी बिचाऱ्या रबराची ताकद पुरत नाही.

3. नाकाला आधी कळतं
गेवराईहून बीडकडे जाताना पाडळसिंगीच्या टोलनाक्यावर गाडी थांबली आणि जळका वास आला, तर पुढे बाजूला सुरक्षित जागी उतरून बघा. हात रिमला न लावता नुसता जवळ न्या आणि डाव्या-उजव्या चाकाची तुलना करा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त तापतात, हे नेहमीचंच. पण एकाच बाजूचं चाक भट्टीसारखं तापलं असेल, गाडी एका अंगाला ओढत असेल किंवा अचानक डिझेल जास्त खात असेल, तर ब्रेक धरलाय. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू शकते किंवा तडकू शकते.

4. दोषी तिघांपैकी एक, दंड अख्ख्या कॅलिपरला
बहुतेक गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो. या पिना सुकल्या तर एकच पॅड झिजतो. पिस्टन गंजला तर तो मागे येत नाही. ब्रेकचा रबरी पाईप आतून सुजला तर ऑईल पुढे जातं, पण परत येताना अडतं. पहिल्या दुखण्याला सफाई आणि ग्रीस पुरतं, दुसऱ्याला बऱ्याचदा सील किट आणि तिसऱ्याला फक्त नवा पाईप. यातल्या एकालाही नवा कॅलिपर लागेलच असं नाही.

5. दोन मिनिटांची निप्पल परीक्षा
गाडी जॅकवर घेऊन, खाली पक्का आधार देऊन, मिस्त्रीला जाम चाकाच्या कॅलिपरवरचं ब्लीडिंगचं निप्पल थोडं सैल करायला सांगा. ऑईल पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. संशय पाईपवर, आणि दोन्ही बाजू जाम असतील तर मास्टर सिलिंडरवर. चाक तसंच घट्ट राहिलं, तर पिस्टन किंवा पिन धरलीय. एवढ्या एका खुणेने चुकीच्या अंदाजापायी जाणारे हजारो रुपये वाचतात.

6. ब्रेक ऑईल हे तेल नाही
नावात ऑईल असलं, तरी नेहमीचं ब्रेक ऑईल ग्लायकोल जातीचं रसायन आहे. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 3 किमान 205 अंशाला उकळतं, ओल मुरल्यावर ही मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. ती ओल आतून पिस्टनलाही गंजवते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलणं हाच कॅलिपरचा स्वस्तातला विमा.

7. चुकीचं ग्रीस घात करतं
बेअरिंगचं साधं ग्रीस किंवा इंजिन ऑईल ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं आणि मोकळा केलेला ब्रेक पुन्हा धरतो. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं. ब्रेकच्या टाकीत ऑईल कमी दिसलं म्हणून हाताशी असेल ते ओतणं तर सगळ्यात महागात पडतं : सगळीच रबरं बदलावी लागतात.

8. धूळ ही जुनीच वैरीण
इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांचे पॅड तांब्याचे होते आणि तिथल्या धुळकट, खडबडीत रस्त्यांवर ते झटपट झिजायचे. पुढे 1953 मध्ये डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने ल मान्सची शर्यत जिंकली आणि जगाने या ब्रेकची दखल घेतली. धुळीशी झगडा मात्र आजही आपल्या शेतरस्त्यावर चालूच आहे. पावसाळ्यात चाकाच्या आतल्या बाजूचा चिखल पाण्याने धुऊन काढा. ब्रेकची वाळकी धूळ हवेच्या पाईपने उडवू नका, ती छातीत जाते.

9. ब्रेकचं माहेर गोदावरीपलीकडे
गेवराईहून शहागडचा पूल ओलांडून पुढे गेलं की छत्रपती संभाजीनगर. तिथल्या वाळूजच्या एंड्युरन्स कंपनीत दुचाकींचे डिस्क ब्रेक बनतात. इटलीच्या ब्रेम्बोचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे, आणि छोट्या दुचाकींसाठीचा त्यांचा 'बायब्रे' हा ब्रँड म्हणजे 'बाय ब्रेम्बो'. ब्रेक बनवणारे हात आपल्याच मुलखात आहेत, तेव्हा दुरुस्तीची विद्या दूर शोधायला नको.

10. पैसे कुठे द्यायचे, कुठे थांबायचं
सील किट शेकड्यांत येतं, नवा कॅलिपर हजारांत. सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून सरसकट 18 टक्के झाला, त्यामुळे बिलावर जुना 28 टक्क्यांचा दर दिसला तर विचारा. काढलेला भाग परत मागा. पक्कं बिल घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा क्रमांक आहे. पण पिस्टन बसतो ती भिंत गंजून खड्डे पडले असतील, निप्पलचे आटे गेले असतील किंवा कॅलिपरला तडा असेल, तर घासाघीस न करता नवा घ्या. पॅड बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. ज्या मिस्त्रीने नेमका रोग शोधून महागडा भाग वाचवला, त्याच्या मजुरीतले पैसे कापू नका. त्या नजरेचंच मोल मोठं आहे.

आणि गॅरेजमधून निघण्याआधी एक काम स्वतः करा. जॅकवरचं चाक हाताने फिरवा. एखाद्याने ब्रेक दाबून सोडला की पुन्हा फिरवा. सोडल्या सोडल्या ते मोकळं फिरलं, तरच पैसे मोजा आणि चावी हातात घ्या.