डेरा, दृष्ट आणि ताकाचा वाटा

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांत स्वयंपाकघराशेजारी घुसळखांब असे. त्याला रवी अडकवायची, तिच्याभोवती दोर गुंडाळायचा आणि दोन्ही टोके आळीपाळीने ओढायची. खानदेशची अहिराणी ही आभीर गोपालकांच्या नावाने ओळखली जाणारी बोली. अशा मुलखात डेऱ्याभोवती समजुतींचे जाळे विणले जाणे स्वाभाविकच होते.

पहिली समजूत दृष्टीची. तासभर घुसळूनही लोणी धरले नाही, तर डेऱ्याला नजर लागली म्हणत. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नसत. लोणी न धरण्याचे कारण बहुधा तापमानात असते. दुधातली चरबी सूक्ष्म कणांत असते आणि प्रत्येक कणाला पातळ आवरण असते. घुसळताना ते फाटते, कण एकमेकांना चिकटतात. थंडीत चरबी घट्ट होते, कण चिकटत नाहीत. उन्हात ती विरघळते, गोळा बांधत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांजवळ जाणाऱ्या या भागात पहाटेच घुसळायचे आणि हिवाळ्यात डेऱ्यात कोमट पाणी घालायचे, ही रीत अनुभवातून आलेली. आटत आलेल्या म्हशीच्या दुधाचे लोणी उशिरा धरते, हेही बायकांना ठाऊक असे.

एकनाथांच्या गवळणीत कृष्णाला पाहून भान हरपलेली राधा रिताच डेरा घुसळते. संसारी बाईला मात्र रिता डेरा परवडणारा नव्हता. दृष्टीचे भय त्यातूनच आले असावे.

दुसरी रीत ताकाची. म्हशीच्या दहा लिटर दुधातून लोणी निघते जेमतेम पाऊण किलो; उरते ते ताकच. उन्हाळ्यात ते टिकत नाही. म्हणून ताक विकायचे नाही, मागेल त्याला द्यायचे. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ या म्हणीत मागणाऱ्याचा संकोच आजही जिवंत आहे. हा वाटा समतेचा होता असे नाही. काहींच्या भांड्यात ताक वरूनच ओतले जाई. तरी ज्याच्या दारात जनावर नाही, त्याच्या भाकरीला कालवण मिळे.

1970 मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले. पुढे गावोगावी संकलन केंद्रे आली, दूध फॅटवर मोजले जाऊ लागले. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, हा लाभ मोठाच. पण दूध सकाळीच केंद्रावर गेले आणि शेजाऱ्याचे ताक आटले. या तोट्याची नोंद कुठल्या हिशेबात नाही. सत्तरी ओलांडलेल्या बायकांकडून लोकसाहित्य गोळा करताना आपण ओव्या विचारतो. तुमच्या दारी ताकाला कोण येत असे, हेही आता विचारून ठेवायला हवे.