भाड्याच्या घराचं अंगण: गवत कोणी कापायचं, पैसे कोणी द्यायचे?

माझ्या घराचा खालचा मजला मी भाड्याने देते. मेअखेरीस भाडेकरू मुलं घर सोडून गेली तेव्हा समोरचं लॉन पार वाळून कोळ झालं होतं. डिपॉझिटमधून नव्या लॉनचे पैसे कापायचे, असं मी ठरवूनच टाकलं होतं. जूनमध्ये दोन दमदार पाऊस पडले आणि आठवडाभरात त्याच जागी हरळीचे कोंब वर आले. गवत मेलं नव्हतंच, उन्हात झोपलं होतं. मुलांचं पूर्ण डिपॉझिट मी परत केलं.

वर्ध्यात सेवाग्राम आणि सावंगीची मेडिकल कॉलेजं आहेत, हिंदी विश्वविद्यालय आहे, त्यामुळे भाडेकरू येत-जात राहतात. तितकेच अंगणावरून खटकेही उडतात.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत किती, हा प्रश्नच नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ‘गवत तुम्ही कापायचं असं बोलणं झालं होतं’ हे वाक्य मग कोणाच्या कामाचं?

‘भाडं घराचं, अंगण वेगळं’ हेही खरं नाही. याच कायद्याच्या व्याख्येत घराला लागून असलेली बाग आणि मोकळी जागा ही जागेचाच भाग आहे. दुरुस्तीची जबाबदारी कलम १४ मालकावर टाकतं. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. पण हे संरक्षण भाडेकरूला आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला करारात लिहिलेलंच कामी येतं. आणि गवत कापणं दुरुस्तीत मोडतं का, यावर भांडत बसण्यापेक्षा दोन ओळी लिहून घेतलेल्या बऱ्या.

आता पाणी. ‘बोअर घरचा, पाणी फुकट’ म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडावा. पाचशे चौरस फुटांचं अंगण म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पारा ४५ च्या घरात असताना रोज सहा मिलिमीटर धरलं, तरी सुमारे २७५ लिटर होतात. पाचशे लिटरच्या टाकीतलं अर्ध्याहून जास्त पाणी, तेही नुसत्या गवताला! मोटरची वीज वेगळीच. मी तर म्हणते, वर्ध्याच्या उन्हात विकतचं कार्पेट लॉन लावूच नये. आपली हरळी आहे की. ती हिरवी ठेवायचीच असेल तर रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी, पहाटे, सावकाश आणि भरपूर पाणी द्यावं. काळ्या मातीला भेगा पडल्या असल्या तर जोरात सोडलेलं पाणी सरळ भेगेत उतरतं.

‘जमिनीसरसं कापलं की महिनाभर सुटका’ या समजुतीने तर खर्च वाढतो. एका वेळी पात्याचा वरचा एक तृतीयांश भागच काढावा. माती उघडी पडली की पावसात तिथे गाजरगवत शिरतं. ते पांढरं फुलण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं. अंगाला लागलं तर खाज सुटते. कुंपणाकडेच्या तरोट्याला मात्र मी हात लावत नाही. गाजरगवताला दाबण्यासाठी जबलपूरचं तण संशोधन संचालनालयही तरोटा पेरायला सांगतं, आणि कोवळा असताना त्याची भाजी होते.

माळ्याच्या पावत्या जपून आयकर वाचत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेला नगरपालिकेचा कर वजा झाला की उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्च कितीही असो. गवताबरोबर झाडांचंही बघावं: शहरी हद्दीत अंगणातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा खासगी जागेलाही लागू आहे.

माझ्या करारात आता लिहिलेलं असतं: पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा गवत कापणं भाडेकरूकडे, विळा-खुरपं माझं. झाडांची छाटणी, मोटर आणि पाइप माझ्याकडे. उन्हाळ्यात गवत वाळलं तर डिपॉझिटमधून कपात नाही. सोबत ताबा देतानाचे अंगणाचे चार फोटो, तारखेसह.