सरकारी दवाखान्यात दाताचा खर्च नेमका किती?

मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो: "सरकारी दवाखान्यात दातांचे उपचार फुकट असतात ना? मग तिथे जाऊनही पैसे कसे लागतात?" आज त्याबद्दलच बोलू या.

मी दंतवैद्य आहे. शिक्षण संपल्यावर काही वर्षं एका सरकारी दंत रुग्णालयात काम केलं. तिथे एकदा रंगकाम करणारे एक काका आले. खालची दाढ किडलेली, रात्रभर ठणका. एक्स-रे काढला. मुळं मजबूत होती, रूट कॅनॉल करून दाढ वाचली असती. मी फी सांगितली. काका म्हणाले, "पैशाचं बघू मॅडम, पण किती वेळा यावं लागेल?" मी म्हटलं, चार-पाच वेळा. ते लगेच म्हणाले, "मग काढूनच टाका."

मी दाढ काढली. पण नंतर लक्षात आलं, मी त्यांना फक्त फी सांगितली होती. खर्च सांगितलाच नव्हता. फी आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खर्चाचा पहिला भाग म्हणजे दवाखान्याची फी: केसपेपर, एक्स-रे, उपचार. हे दर राज्याप्रमाणे आणि खात्याप्रमाणे बदलतात. महाराष्ट्राचंच बघा. १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पण सरकारी दंत महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात आणि पालिकेचे दवाखाने पालिकेकडे. तो निर्णय त्यांच्यासाठी नव्हता. म्हणून एकाच शहरातल्या दोन 'सरकारी' दवाखान्यांत दोन वेगळ्या पावत्या मिळू शकतात.

दुसरा भाग म्हणजे साहित्य आणि लॅब. दात काढायला किंवा साधं सिमेंट भरायला जे लागतं, ते दवाखान्यातच असतं. कॅप, ब्रिज, कवळी मात्र माप घेऊन लॅबमध्ये तयार करून घ्यावी लागते. त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे घेतात. म्हणूनच दात काढणं जवळपास फुकट पडतं आणि वाचवायला पैसे लागतात.

तिसरा भाग कुठल्याच पावतीवर छापलेला नसतो. तो म्हणजे बुडालेली रोजी. समजा रोज ७०० रुपये मिळतात आणि पाच फेऱ्या झाल्या. ३,५०० रुपये तिथेच गेले. वर रिक्षा-बसचं भाडं. सोबत घरचं कुणी आलं तर त्याचाही दिवस. रूट कॅनॉलला फेऱ्या का लागतात? मुळातल्या बारीक नळ्या साफ करायच्या, मध्ये औषध ठेवायचं, मग नळ्या भरायच्या, नंतर कॅपचं माप आणि शेवटी कॅप बसवायची. शिकाऊ डॉक्टर काम करतात तिथे वरिष्ठ डॉक्टर प्रत्येक टप्पा तपासतात, त्यामुळे आणखी वेळ जातो. काम नीट होतं, पण दिवस जातात.

आता दाढ काढली की विषय संपला, असं वाटतं. तसं नसतं. रिकाम्या जागेकडे शेजारचा दात कलतो, समोरचा दात हळूहळू खाली किंवा वर सरकतो. अन्न अडकतं, माणूस एकाच बाजूने चावायला लागतो. पुढे कवळी किंवा ब्रिज लागतो. इम्प्लांट तर सरकारी ठिकाणीही सहसा फुकट मिळत नाही. म्हणजे आज वाचलेले पैसे काही वर्षांनी द्यावे लागतात, आणि जास्त द्यावे लागतात.

"पण आयुष्मान कार्ड आहे ना?" आहे, आणि ते जपून ठेवा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. पण ते मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. अपघातात जबडा मोडला तर उपयोग होईल. दाढ भरणं, रूट कॅनॉल, कवळी अशा नेहमीच्या कामांना त्यावर भिस्त ठेवू नका. तुमच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल तर मात्र आधी तिकडच्या दवाखान्यात चौकशी करा. २०१७ मध्ये त्याची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये केली. पैसे कापले जातात, पण दात दाखवायला तिथे जाता येतं हे अनेकांना माहीतच नसतं.

तर खुर्चीत बसण्याआधी एवढं विचारा. एकूण किती फेऱ्या? दोन फेऱ्यांचं काम एका दिवसात होईल का? कॅपचे पैसे फीमध्ये धरलेत की वेगळे? रेशनकार्डावर सवलत आहे का, आणि कागद कोणते लागतील? दात काढला तर पुढे काय लागेल? विचारायला संकोच करू नका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दर आधी कळण्याचा हक्क आहे.

आणि सगळ्यात स्वस्त वेळ कोणती, तर दात दुखत नसतो ती. कीड वरच्या थरात असते तेव्हा एका फेरीत, एका भरणीत काम होतं. तीच कीड नसेपर्यंत पोचली की फेऱ्या वाढतात. दुखत नाही म्हणून आपण जात नाही, आणि खर्च तिथेच वाढतो.

ते काका दोन वर्षांनी परत आले. आता दुसऱ्या बाजूची दाढ. या वेळी मी आधी दिवस मोजले. एक्स-रे आणि पहिलं काम एकाच दिवशी उरकलं, ठणका थांबला. पाऊस सुरू झाला होता, बाहेरचं रंगकाम बंद होतं, म्हणून पुढच्या तारखा त्याच महिन्यात लावल्या. दाढ वाचली. कॅप बसवल्यावर ते म्हणाले, "मागच्या वेळी असं सांगितलं असतं तर तीही राहिली असती." त्यांचं बरोबर होतं.

पुढच्या भागात लहान मुलांच्या दुधाच्या दातांबद्दल बोलू. तोवर एकदा आरशात आपल्या दाढा बघून घ्या. नमस्कार.