नागपूरच्या उन्हातलं अंगण

23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. ही मोजणी सावलीतल्या हवेची. उन्हात पडलेली गडद फरशी अशा दिवसांत साठीच्या पुढे जाऊ शकते, आणि साठ अंशांना टेकलेली उघडी कातडी काही सेकंदांतच पोळते. दहा वर्षांनी, 22 सप्टेंबर 2023 च्या रात्री, याच शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. नागपुरात घराभोवतीची जमीन कशाने मढवायची, हे या दोन तारखा समोर ठेवूनच ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. दुकानात मात्र रंग आणि चौरस फुटाचा भाव यापलीकडे बोलणं जात नाही.

दगडाची या शहराला कधीच वाण नव्हती. पश्चिम नागपूर दख्खनच्या बेसॉल्टवर बसलंय. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. पूर्वेकडे त्याहून फार जुने खडक आहेत, तर कामठी-सिलेवाड्याकडे वालुकाश्म.  महाल भागातला भोसल्यांचा राजवाडाही काळ्या बेसॉल्टचा होता. तो 1864 मध्ये जळाला. जोत्याला, भिंतीला, पायऱ्यांना हा दगड अप्रतिम. उघड्या अंगणात मात्र नको. काळा असल्यामुळे तो ऊन शोषतो आणि घट्ट असल्यामुळे ती उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो.

मग शहाबादी, कोटा, तांदूर. कर्नाटक, राजस्थान आणि तेलंगणातून येणारे हे तिन्ही चुनखडकच. फिकट राखाडी किंवा पिवळसर फरशी घेतली तर उन्हाचा बराच भाग परत फेकला जातो. वरचा थर खडबडीतच ठेवावा. पॉलिश केलेला कोटा पहिल्या पावसात माणूस पाडतो. या दगडाचं वैर आम्लाशी आहे. संडास धुण्याचं ॲसिड सांडलं की बुडबुडे येऊन पृष्ठभाग कायमचा खरबरीत होतो. पोहण्याच्या टाकीचं पाणी संतुलित ठेवायला बऱ्याच ठिकाणी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. त्यामुळे टाकीच्या काठावर चुनखडक लावू नये. तिथे फिकट रंगाचा, ज्योतीने भाजून खडबडीत केलेला ग्रॅनाइट किंवा न घसरणारी टाइल बरी. टाइल घेताना एक बारकावा लक्षात ठेवावा. आर 9 ते आर 13 हे आकडे बूट घातलेल्या पायासाठी असतात. ओल्या, अनवाणी पायासाठी ए, बी, सी असे वेगळे वर्ग आहेत; टाकीच्या काठाला निदान बी मागावा.

काँक्रीटचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) आता गल्लोगल्ली दिसतात. स्वस्त पडतात, झटपट बसतात, आणि खालून नळाची पाइप टाकायची झाली तर काढून पुन्हा लावता येतात. भारतीय मानक आयएस 15658 मध्ये 2006 साली दिलेला हिशेब सोपा आहे: चालण्यापुरत्या जागेला एम 30 प्रत आणि 50 मिलिमीटर जाडी, हलकी वाहनं येणार असतील तर एम 35 आणि 60 मिलिमीटर. साच्यातून निघालेले चकचकीत, रंगीत गट्टू शोभेला ठीक. पण उन्हात रंग उडतो आणि चकाकीवर पाय घसरतो. माझा खरा आक्षेप आहे तो कुंपणापासून कुंपणापर्यंत गट्टू ठोकण्याला, आणि कडुनिंबाच्या बुंध्यालाही मोकळी माती न ठेवण्याला. गट्टूमधून पाणी मुरत नाही, मुरतं ते फटींतून. खाली काँक्रीट आणि फटींत सिमेंट भरलं की तेही बंद.

खरं काम फरशीच्या खालीच असतं. शहराच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट अंथरलेल्या पातळ कोब्यावर व्हिट्रिफाइड टाइल बसवली, तर दोन-चार पावसाळ्यांत तडे ठरलेलेच. निदान वरचा थर उकरून मुरूम भरावा, पाणी मारून धुम्मस करावा, त्यावर गिट्टी आणि रेती. फरशी अशा थरावर मोकळ्या फटींनी बसवली तर जमीन हलली तरी ती तुटत नाही. एखादी खचली तर उचलून नीट करता येते. दहा फुटांना सव्वा ते अडीच इंच उतार पुरतो. तो घराच्या जोत्यापासून दूर आणि नालीऐवजी झाडांच्या आळ्याकडे द्यावा.

संध्याकाळी सडा टाकण्याची आपली रीत शास्त्राला धरून आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता सोबत नेते. पण त्यासाठी पाणी जमिनीत थोडं धरून ठेवावं लागतं. माती, भाजलेली वीट, खडबडीत दगडाच्या रेतीभरल्या फटी ते धरतात. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते. तिच्यावरचा सडा नालीत वाहून जातो.

म्हणून चालायच्या वाटेला फिकट शहाबादी किंवा तांदूर, गाडीच्या जागेला रेतीवर बसवलेले गट्टू आणि उरलेली जमीन मातीचीच, अशी वाटणी मी सुचवते. ठेकेदाराला विसार देण्याआधी दोन-तीन नमुने घरी आणा आणि दुपारी दोनला उन्हात ठेवा. अर्ध्या तासाने तळहात टेकवा. मग पाणी ओतून ओल्या तुकड्यावर पाय सरकवून बघा आणि कोपऱ्यावर लिंबू पिळा. फेस आला तर तो चुनखडक. त्याला टाकीच्या काठावर जागा देऊ नका.