भांडण जमिनीवर, अडकतं अवकाशात

३ एप्रिल १९८४. राकेश शर्मा सोव्हिएत संघाच्या सोयुझ यानातून, कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून अवकाशात गेले. आमच्या पिढीच्या मनात तेव्हा पक्कं बसलं, की अवकाश ही दोस्तीची जागा, तिथे सरहद्दी नसतात. तरुण मित्रांनो, पुढच्या चाळीस वर्षांत जमिनीवरची भांडणं वरपर्यंत पोहोचताना आपण अनेकदा पाहिली. त्यातली एक गोष्ट तर आपल्याच घरची आहे.

जड उपग्रह उंच कक्षेत न्यायला क्रायोजेनिक इंजिन लागतं. उणे २५३ अंश सेल्सिअसचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन हे त्याचं इंधन. सांभाळायला महाकठीण! १९९१ मध्ये इस्रोने ग्लावकॉसमॉस या सोव्हिएत संस्थेशी ही इंजिनं आणि ती बनवण्याचं तंत्र घेण्याचा करार केला. हे तंत्र क्षेपणास्त्रांसाठी वापरलं जाईल, असा आक्षेप अमेरिकेने घेतला आणि मे १९९२ मध्ये दोन्ही संस्थांवर निर्बंध लादले. १९९३ मध्ये रशियाने माघार घेतली. तयार इंजिनं द्यायचं ठरलं, तंत्र नाही. म्हणजे पुरणपोळ्यांचा डबा आला, पण कृती काही मिळाली नाही.

मग कृती आपणच शोधली. मुंबईच्या विक्रोळीतल्या गोदरेजसारखे कारखाने इस्रोच्या जोडीला होते. एप्रिल २०१० मध्ये स्वदेशी इंजिनाचं पहिलं उड्डाण फसलं. ५ जानेवारी २०१४ रोजी जमलं. नकारापासून यशापर्यंत वीस वर्षं लागली.

आता मार्च २०२२ कडे या. युक्रेनवर हल्ला झाला होता. त्याच बायकोनूरला वनवेब कंपनीचे ३६ उपग्रह घेऊन सोयुझ रॉकेट उभं होतं. उपग्रह लष्करी कामाला वापरणार नाही याची हमी द्या आणि ब्रिटिश सरकारने कंपनीतला हिस्सा सोडावा, अशा अटी रशियाने घातल्या. त्या मान्य झाल्या नाहीत. रॉकेट उतरवलं गेलं, उपग्रह तिथेच अडकले. युरोपची रोझालिंड फ्रँकलिन ही मंगळबग्गीही रशियन रॉकेटने त्याच वर्षी जायची होती. तीही राहिली.

वनवेबने मग श्रीहरिकोटा गाठलं. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटने त्यांचे ७२ उपग्रह वर नेले. त्या रॉकेटचा वरचा टप्पा कोणता? स्वदेशी क्रायोजेनिक!

आणखी गंमत पुढे आहे. ३० जुलै २०२५ रोजी निसार उपग्रह गेला. त्यातलं एक रडार नासाचं, दुसरं इस्रोचं. बारा दिवसांत दोनदा जवळजवळ सगळी जमीन आणि बर्फाचे प्रदेश तपासणारा हा उपग्रह जीएसएलव्हीने नेला, आपल्याच क्रायोजेनिक इंजिनावर. ज्या अमेरिकेने ते तंत्र अडवलं, तिनेच आपलं मौल्यवान रडार त्याच्या भरवशावर सोडलं.

मला यातून एक गोष्ट दिसते. सहकार्य टिकतं ते दोघांच्याही हातात काही असतं तिथे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं पाहा. त्याची कक्षा उंच ठेवण्याचं काम मुख्यतः रशियन भाग करतो, विजेचा मोठा वाटा अमेरिकी सौरपंख देतात. खाली दोन्ही देशांचे संबंध कितीही ताणले, तरी वर एकमेकांवाचून भागत नाही.

म्हणून सगळं एकट्यानेच करावं, असं मी म्हणणार नाही. शुभांशू शुक्ला जून २०२५ मध्ये स्थानकावर गेले, ते अमेरिकी रॉकेटनेच. पण पंगतीला बसायचं तर आपलाही एखादा पदार्थ असावा. आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या महायंत्रासाठी अतिवाहक चुंबकं पुरवण्यात पुढाकार घेतला, तो असाच पदार्थ.

बारावीनंतर काय, हा प्रश्न घरोघरी चालू असेलच. आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्र आणि अवकाश अभियांत्रिकीचा विभाग आहे, सिमरोळला, घरापासून तासाभराच्या आत. पुढच्या वेळी कुणी कृती द्यायला नकार दिला, तर ती शोधणारे हात तुमच्यापैकी कुणाचे असावेत, एवढीच माझी इच्छा.