मांजराचा खेळ

मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, अशी म्हण आपल्याकडे आहे. परंतु कधी कधी खेळता खेळता मांजराचाच जीव धोक्यात येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी ही धान्याची जुनी बाजारपेठ. जेथे धान्य तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा क्रम ठरलेलाच! पोत्याची शिवण उसवली, की सुतळीचे तुकडे जमिनीवर पडतात आणि मांजराच्या पिलास आयतेच खेळणे मिळते. सुतळी हलताच पिलू झेप घेते, तिला पकडते, चावते व पुन्हा सोडते. त्याची ती लगबग पाहून कोणासही कौतुक वाटावे. पण धोका तेथेच दडलेला असतो.

मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. त्यांत अडकलेला दोरा त्याला सहजासहजी थुंकून टाकता येत नाही. तो आत आतच जातो. दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकले व बाकीचा दोरा आतड्यात उतरला, म्हणजे नाडी ओढलेल्या पिशवीच्या तोंडासारख्या आतड्यास चुण्या पडतात. ताणलेला दोरा आतडे कापूही शकतो. म्हणून दोऱ्याचे टोक तोंडाबाहेर किंवा शेपटीखाली दिसले, तरी ते कधीही ओढू नये. पिलास तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.

युरोपात फेरेट नावाचा लांबट अंगाचा प्राणी पाळतात. तो दिसतो मुंगसासारखा, पण त्याचे कूळ वेगळे. रबर आणि स्पंज कुरतडण्याची त्याला भारी हौस. गिळलेले तुकडे आतड्यात अडकून तो दगावतो. म्हणून त्याचे पालक तसली खेळणी त्याच्यापुढे ठेवीत नाहीत. आपले मुंगूस मात्र वन्य प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षण दिले असून, त्यास घरी पाळता येत नाही.

प्राणी कोणताही असो, खेळणे निवडताना काही गोष्टी पारखून घ्याव्यात. ते तोंडात पूर्ण मावणार नाही एवढे मोठे असावे. त्यास मणी, घुंगरू किंवा बटणाचे डोळे लावलेले नसावेत. चावताच त्याचा तुकडा पडू नये. डोके अडकेल असे भोक त्यास नसावे. जाड कापडाचा घट्ट शिवलेला चेंडू किंवा पुठ्ठ्याचे रिकामे खोके यांसाठी पैसा लागत नाही, आणि पिलू त्यांत तासन् तास रमते. दोरीशी खेळवायचेच असेल, तर तिचे टोक आपल्या हाती असावे आणि खेळ संपताच ती उचलून ठेवावी. फाटलेले खेळणे टाकून द्यावे.

खेळणारे पिलू एकाएकी खाईनासे झाले, वारंवार ओकू लागले किंवा कोपऱ्यात गप्प बसून राहिले, तर उद्यावर ढकलू नये. मुक्या जिवास आपले दुखणे सांगता येत नाही. ते ओळखणे हे त्यास पाळणाऱ्याचे काम आहे.