टंचाईंतील पाण्याची वाहतूक : सरकारी ठेका कसा पारखावा

जालना जिल्ह्यांतील व्यापारी, जमीनदार, बागाईतदार व दानशूर सद्गृहस्थ यांस सविनय निवेदन :

अवर्षणग्रस्तांच्या साहाय्यार्थ आपण जो पैसा देतां, त्याचा हिशेब देणें हें समितीचें कर्तव्यच आहे. परंतु त्याहून कितीतरी अधिक पैसा सरकारी तिजोरींतून, म्हणजे पर्यायानें आपल्याच खिशांतून, टंचाईच्या कामीं खर्च होतो; तो कसा खर्च होतो हेंही आपणांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें. गांवोगांवीं पाणी नेणाऱ्या टँकरांचा ठेका हें अशा खर्चाचें एक ठळक उदाहरण होय. आपणांपैकीं बहुतेकांचा मालवाहतुकीशीं रोजचा संबंध आहे. बिल्टी, भाडें, तूट व पोंच हे शब्द आपणांस शिकवावे लागत नाहींत. म्हणून हा ठेका पारखण्यास आपणांहून योग्य परीक्षक मिळणार नाहींत, अशी आमची समजूत आहे.

दुष्काळांत मनुष्य हाल सोसतो, तो पुष्कळदां वस्तु कोठेंच नसते म्हणून नव्हे, तर ती त्याच्या दारापर्यंत येत नाहीं म्हणून. १८९९-१९०० च्या दुष्काळांत चाऱ्याअभावीं गुरें लाखोंनीं दगावलीं, आणि अनेक भागांत गाड्या ओढण्यास बैलच उरले नाहींत. १९७२ सालीं धान्य दुर्मिळ होतें, पण पुष्कळ विहिरींना पिण्यापुरतें पाणी होतें. २०१२-१३ सालीं नेमकें उलट झालें. दुकानांत धान्य होतें. पाणी मात्र नव्हतें. त्या वर्षीं जालना हा महाराष्ट्रांतील सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकीं एक होता. शहरास पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव आटला, आणि जायकवाडीच्या जलाशयांतही उपयुक्त साठा जवळजवळ उरला नाहीं. अशा वेळीं गांवाचें जीवित टँकरच्या चाकांवर अवलंबून राहतें. मग ठेक्याच्या कागदांतील एकेका कलमास औषधाच्या मात्रेइतकें महत्त्व येतें.

ठेका देण्याची रीत सामान्यतः अशी आहे. ग्रामपंचायतीची मागणी आली म्हणजे तहसीलदार व गटविकास अधिकारी पाहणी करितात. जवळची खासगी विहीर अधिग्रहित करून भागतें काय, हें आधीं पाहिलें जातें. न भागल्यास टँकर मंजूर होतो. सरकारी टँकर अपुरे पडतात, म्हणून खासगी वाहतूकदारांकडून निविदा मागविल्या जातात. निविदाकारानें बयाणा रक्कम भरावयाची, गाड्यांचीं कागदपत्रें तांत्रिक लिफाफ्यांत व दर आर्थिक लिफाफ्यांत द्यावयाचे, आणि तांत्रिक कसोटीस उतरलेल्यांत ज्याचा दर सर्वांत कमी त्यास काम मिळावयाचें, असा सर्वसाधारण नियम आहे. भाड्याचे दोन भाग असतात : टँकरच्या धारणशक्तीवर दररोजचें भाडें, आणि धावलेल्या अंतरावर प्रतिकिलोमीटर आकार.

येथेंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. सरकार भाडें देतें तें गाडीच्या हजेरीचें व अंतराचें. गांवास पाहिजे असतें तें पाणी. या दोहोंत जें अंतर पडतें, तें हिशेबानें दाखवितों. ग्रामीण भागांत टँकरनें दरडोई दररोज २० लिटर पाणी द्यावें, असें प्रमाण आहे. समजा, गांवची वस्ती १,५०० आहे. म्हणजे दिवसास ३०,००० लिटर, अर्थात् १०,००० लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. पाण्याचा उद्भव १५ किलोमीटरवर असेल, तर एका खेपेस जाऊन येऊन ३० किलोमीटर होतात. खेड्यांच्या रस्त्यावर त्यास सव्वा तास धरावा, भरण्यास व रिकामा करण्यास मिळून दीड तास धरावा. एका खेपेस पावणेतीन तास, तीन खेपांस सव्वाआठ तास होतात. म्हणजे एक गाडी एकाच गांवास जेमतेम पुरते. उद्भवावर तीन तास वीज गेली, तर तिसरी खेप बुडाली, आणि दरडोई २० लिटरांऐवजीं सुमारें १३ लिटर पाणी मिळालें.

आतां समजा, एका निविदाकारानें दिवसाचा एकूण खर्च ४,००० रुपये मागितला, पण तीच गाडी त्यानें दुसऱ्याही गांवास दाखविली आहे. दुसऱ्यानें ४,८०० मागितले व स्वतंत्र गाडी दिली. कागदावर पहिल्याचा दर लिटरमागें सव्वातेरा पैशांच्या आसपास व दुसऱ्याचा सोळा पैसे पडतो. परंतु पहिल्याच्या दोनच खेपा पोंचल्या आणि बिल हजेरीवर पूर्ण निघालें, तर त्याचें पाणी वीस पैसे लिटर पडलें. स्वस्त म्हणून घेतलेला ठेका महाग ठरला, आणि शिवाय गांव तहानलेलें राहिलें. जो दर वेळेच्या गणितांत बसत नाहीं, तो दर नव्हे. ती न पोंचणाऱ्या खेपांची आगाऊ सूचना होय.

दुसरें एक संकट याहून सूक्ष्म आहे. टंचाईंत सरकारी ठेक्याशेजारींच पाण्याचा खासगी बाजार उभा राहतो. पत्रकार पी. साईनाथ यांनीं २०१३ सालीं जालना शहरांतील टँकरव्यापाराची पाहणी करून, तो दिवसाला लक्षावधि रुपयांचा असल्याचें लिहिलें होतें. बाजारांत एका खेपेचें मोल सरकारी भाड्याहून जास्त मिळूं लागलें, म्हणजे खेप वाटेंतच वळविण्याचा मोह उत्पन्न होतो. राज्य शासनानें टँकरांवर जीपीएस यंत्र बंधनकारक केलें आहे, तें याच कारणास्तव. परंतु यंत्र गाडी कोठें गेली तें सांगतें. तींत पाणी किती होतें, हें सांगत नाहीं. तें केवळ गांवचा माणूस सांगूं शकतो, आणि म्हणून नोंदवहीवरील गांवकऱ्यांची सही हीच खरी पोंच होय.

मोठ्या वाहतुकीनेंही हा शेवटचा टप्पा टळत नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी नेण्यांत आलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें ५ लाख लिटर, व पुढें पन्नास वाघिणींतून सुमारें २५ लाख लिटर पाणी जात असे. तें काम स्तुत्य होतें. तथापि स्टेशनांत उतरलेलें पाणी साठवून, शुद्ध करून घरोघर पोंचविण्याची व्यवस्था वेगळी करावीच लागली.

तात्पर्य, ठेका पारखतांना दराच्या आधीं चार प्रश्न विचारावे. निविदेंत दाखविलेली प्रत्येक गाडी एकाच गांवास बांधलेली आहे काय? अंतर, भरण्याचा वेळ व खेपा यांचें गणित जुळतें काय? गाडी नादुरुस्त झाल्यास बदली गाडी किती तासांत येईल, हें करारांत लिहिलें आहे काय? आणि न पोंचलेल्या खेपेचें भाडें कापण्याचें कलम आहे, व तें अमलांत येतें काय? या चारही प्रश्नांस उत्तर मिळाल्यावरच दर पाहावा.

यास्तव आमची आपणांस तीन प्रकारची विनंति आहे. दानशूरांनीं टँकर भाड्यानें लावण्यापेक्षां गांवांत साठवणीची टाकी बांधून द्यावी. टाकी असली म्हणजे गाडी लौकर मोकळी होते, पाणी मातींत सांडत नाहीं, आणि तीच गाडी एक खेप अधिक करूं शकते. ज्यांच्या विहिरींस पाणी आहे, अशा बागाईतदारांनीं अधिग्रहणास आढेवेढे घेऊं नयेत. उद्भव १५ ऐवजीं ५ किलोमीटरवर आला, तर वरील सर्व हिशेबच पालटतो. व्यापारी बंधूंनीं आठवड्यांतून एक दिवस आपला एक अनुभवी मुनीम आपल्या तालुक्यांतील खेपांची नोंदवही तपासण्यास द्यावा. पैशाच्या देणगीइतकीच ही देणगी मोलाची आहे.

धान्याच्या एका पोत्याची तूट आपण दुकानांत सहन करीत नाहीं. उन्हांत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या वांट्याची खेप बुडाली, तर तिची तूट कोणाच्याच वहींत पडत नाहीं. ती आपल्या वहींत पडावी, एवढीच आमची नम्र प्रार्थना आहे.